१० रुपयांच्या पुड्यातले ग्रॅम गेले कुठे? वऱ्हाडातल्या नव्या उद्योजकासाठी पूर्ण हिशोब



या आठवड्याच्या व्हिडिओत हिशोब अर्ध्यावरच राहिला. म्हणून पूर्ण हिशोब इथं लिहून देतो. वाचताना मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडा ठेवा, कारण नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही.

आधी एक काम करा. घरातले किराणाचे पाच पुडे ओट्यावर मांडा. बिस्किट, शेव, चहापत्ती, तेलाचं पाउच आणि भांडी घासायचा बार. किंमत पाहू नका, ती तुम्हाला पाठ आहे. मागच्या बाजूला बारीक अक्षरात निव्वळ वजन लिहिलेलं असतं, ते शोधा. त्याच्या आसपास बहुतेक पुड्यांवर अजून एक आकडा सापडेल, 'यूएसपी' म्हणून छापलेला. यूएसपी म्हणजे युनिट सेल प्राइस, म्हणजे एका ग्रॅमला किंवा एका मिलीला किती पैसे पडले ते. माल अमरावतीत इतवाऱ्यातून आणलेला असो, अकोल्याच्या किराणा बाजारातून आणलेला असो की गावातल्या टपरीवरून, हा आकडा सगळीकडे सारखाच बोलतो. आणि तो कोणीच वाचत नाही, राजेहो.

आता जुनं एक उदाहरण घेऊ. २०२२ च्या मे महिन्यात बातम्यांमध्ये हे आकडे आले होते. हल्दीरामच्या आलू भुजियाचा १० रुपयांचा पुडा ५५ ग्रॅमचा होता, तो ४२ ग्रॅमचा झाला. विम बार १० रुपयांना १५५ ग्रॅमचा मिळायचा, तो १३५ ग्रॅमचा झाला. दोन्हीकडे किंमत तीच राहिली. बाईने दुकानात दहाची नोट दिली, पुडा घेतला, घरी आली. महागाई वाढली असं तिला दुकानात कुठंच दिसलं नाही.

पण किलोचा भाव काढा. ५५ ग्रॅमला १० रुपये म्हणजे किलोला १८२ रुपये. ४२ ग्रॅमला १० रुपये म्हणजे किलोला २३८ रुपये. वजन सुमारे २४ टक्क्यांनी घटलं, पण भाव ३१ टक्क्यांनी वाढला. हे दोन आकडे वेगळे का, हा प्रश्न ट्रेनिंगमध्ये अर्ध्या वर्गाला पडतो. कारण सोपं आहे. वजन कमी झालं की तेच १० रुपये कमी ग्रॅमांवर वाटले जातात. म्हणून वजनातली घट नेहमी लहान दिसते आणि भावातली वाढ तिच्यापेक्षा मोठी असते. वजन निम्मं केलं तर घट ५० टक्के, पण भाव दुप्पट, म्हणजे वाढ १०० टक्के. हे एकदा समजलं की पुढचा सगळा लेख सोपा आहे.

दहाचीच नोट का?

कंपन्या सरळ १० चे १३ रुपये का करत नाहीत? कारण १३ रुपयांचा पुडा विकणं अवघड असतं. लहान पोट्टं दुकानात येतं ते पाचचं नाणं किंवा दहाची नोट मुठीत घेऊन. रोजमजुरीवरून परतणारी बाई दिवसाच्या पैशातून दिवसाचा किराणा नेते. दुकानदाराला तीन रुपयांची चिल्लर शोधायची नसते. ५, १०, २० हे पुड्यांचे ठरलेले खांब आहेत, ते हलवले की विक्री पडते. मग हलवायला उरतं काय? आतलं वजन. पार्ले कंपनीने २०२१ च्या नोव्हेंबरात भाव वाढवले तेव्हा हेच उघड सांगितलं होतं की मोठ्या पुड्यांच्या किमती वाढवल्या आणि १० रुपयांसारख्या किमती टिकवायला पुड्यातलं वजन कमी केलं.

२०२२ मध्ये हे जास्त दिसलं, त्यालाही कारण आहे. त्या वर्षी रशिया-युक्रेन युद्ध सुरू झालं, सूर्यफुलाचं तेल अडकलं. एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात थांबवली, ती मे महिन्यात तीन-साडेतीन आठवड्यांनी पुन्हा सुरू केली. फरसाण, बिस्किट, साबण, सगळ्यांच्या पोटात पाम तेल असतं. आपल्याकडचा शेवेचा पुडा हलका झाला तो अशा लांबच्या कारणानं.

त्याच वर्षी कायद्यातही एक बदल झाला. पूर्वी चहा, बिस्किट, खाद्यतेल, दूध पावडर, पीठ, डाळ अशा १९ प्रकारच्या वस्तू ठरलेल्या मापातच पॅक कराव्या लागत. २०२१ च्या शेवटी वेष्टित वस्तूंच्या नियमांत दुरुस्ती निघाली आणि २०२२ मध्ये ती लागू झाली. मापांची ती यादी गेली आणि तिच्या बदल्यात युनिट सेल प्राइस छापणं आलं. म्हणजे सरकार म्हणालं, हवं ते वजन भरा, पण ग्रॅमचा भाव लिहा. पुडा एक किलोच्या आतला असेल तर प्रति ग्रॅम, वरचा असेल तर प्रति किलो. कागदावर हा व्यवहार बरोबर आहे. पण माझ्या मते तो गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकलेला आहे, कारण ०.२४ रुपये प्रति ग्रॅम हा आकडा वाचून कोणाच्याही मनात २४० रुपये किलो येत नाही. आपल्या माणसाला पावाचा, अर्ध्या किलोचा आणि किलोचा भाव कळतो. ग्रॅमचा भाव फक्त सोनाराकडे कळतो.

फ्रान्समध्ये २०२४ च्या जुलैपासून मोठ्या दुकानांना पाटी लावावी लागते की या वस्तूचं वजन कमी झालं आहे आणि भाव वाढला आहे. ती पाटी दोन महिने ठेवायची असते. दक्षिण कोरियानेही त्याच वर्षी कंपन्यांवर तसं कळवण्याची सक्ती आणली. आपल्याकडे वजन छापलेलं आहे ना, मग झालं.

घरात याचा फटका कुठं बसतो

सरकारची घरगुती खर्चाची पाहणी आहे, २०२३-२४ ची. देशाच्या ग्रामीण भागात माणशी महिन्याचा खर्च सरासरी ४,१२२ रुपये निघाला आणि त्यातले ४७ टक्के खाण्यावर गेले. शहरात ६,९९६ रुपये, आणि खाण्यावर जवळपास ४० टक्के. चौघांचं ग्रामीण घर धरा. महिन्याला साधारण साडेसोळा हजार, त्यातले पावणेआठ हजार खाण्याचे. आणि आता तुमच्या कामाची गोष्ट. खाण्याच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा दुधाचा नाही, भाजीचाही नाही. तो पेयं आणि तयार खाद्यपदार्थ या खात्याचा आहे, गावात एकूण खर्चाच्या जवळपास १० टक्के आणि शहरात ११ टक्के. त्या साडेसोळा हजारांतले सोळाशे रुपये. पुड्यातले ग्रॅम सगळ्यात जास्त घटतात ते याच खात्यात, आणि तुमच्यापैकी बहुतेकांना धंदाही याच खात्यात करायचा आहे.

तेलाचं उदाहरण समजून घ्या, कारण तिथं डोळा सगळ्यात लवकर फसतो. एक लिटर सोयाबीन तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. त्याच्या शेजारी आता ८००, ८५० ग्रॅमची पाउचं दिसतात आणि दिसायला ती सारखीच असतात. समजा लिटरचं पाउच १५० रुपये आणि ८०० ग्रॅमचं १३८ रुपये. वाटतं, बारा रुपये वाचले. किलोचा भाव काढा. पहिलं १६५ रुपये किलो पडतं, दुसरं एकशे साडेबहात्तर, म्हणजे १७२ रुपये ५० पैसे. ज्या घराला महिन्याला पाच लिटर लागतं तिथं स्वस्त पाउचचं तेवढंच तेल ७५० ऐवजी ७८५ रुपयांना पडतं. शिवाय पाच पाउचं आणून महिना निघत नाही. पंचविसाव्या तारखेला तेल संपतं आणि घरात भांडण होतं की यंदा भजी जास्त झाली.

तेलाबद्दल अजून एक. लिटर हे माप उन्हावर बदलतं. ग्राहक व्यवहार खात्यानेच २०२२ मध्ये सांगितलं होतं की एक लिटर सोयाबीन तेल २१ अंशाला ९१९ ग्रॅम भरतं आणि ६० अंशाला ८९३ ग्रॅमच्या आसपास. काही पाउचांवर जास्त तापमान लिहून लिटर दाखवलं जायचं. म्हणून खात्याने कंपन्यांना तापमान न लिहिता लिटरसोबत वजनही छापायला सांगितलं. अकोल्याचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे, तेव्हा तेल घेताना लिटर सोडा आणि ग्रॅम वाचा.

भाव उतरले तर ग्रॅम परत येतात का? २०२४ च्या ऑक्टोबरात देशात खाद्यपदार्थांची महागाई जवळपास ११ टक्के होती, भाजीपाला तर वर्षभरात ४२ टक्क्यांनी महागला होता. बरोबर वर्षाने, २०२५ च्या ऑक्टोबरात, हीच महागाई शून्याच्या खाली उणे ५ टक्क्यांवर होती. भाजी स्वस्त झाली, डाळ स्वस्त झाली. पुडा मात्र आपोआप भरत नाही. तो भरायला वेगळं कारण लागतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के आणि नमकीनवरचा १२ वरून ५ टक्के झाला, तेव्हा बऱ्याच कंपन्यांनी सांगितलं की ५ आणि १० च्या पुड्यांची किंमत तीच ठेवू, आत माल वाढवू. पाहिलं का? कमी करतानाही किंमत तीच आणि वाढवतानाही किंमत तीच.

आता तुमचा धंदा

इथपर्यंत गिऱ्हाईक म्हणून बोललो. आता पाटी फिरवा. तुम्ही दर्यापूरला किंवा मूर्तिजापूरला शेव-चिवड्याचं छोटं युनिट टाकलं आहे, किंवा बचत गटातून मसाला, पापड, जवसाची चटणी करताय. तेल वाढलं, बेसन वाढलं. मनात पहिला विचार काय येतो? "मोठ्या कंपन्या करतात, आपणही पाच ग्रॅम कमी करू." करून पाहू. आकडे मी समजायला सोपे धरले आहेत, तुमचे तुम्ही टाका.

१० रुपयांचा ४० ग्रॅमचा चिवडा. कच्चा माल किलोला १३० रुपये, म्हणजे पुड्यात ५ रुपये २० पैशांचा माल. पाउच ६० पैसे, मजुरी आणि गॅस ५० पैसे, दुकानदाराचे २ रुपये, पोहोचवायचे ५० पैसे. माल सोडून बाकीचा खर्च झाला ३ रुपये ६० पैसे. सगळे मिळून ८ रुपये ८० पैसे. तुम्हाला उरले १ रुपया २० पैसे.

तेल वाढून माल १५० रुपये किलो झाला. पुड्यातला माल ६ रुपयांचा. उरले ४० पैसे. घाबरून वजन ३५ ग्रॅम केलं, माल ५ रुपये २५ पैशांवर आला, उरले १ रुपया १५ पैसे. जमलं! पुन्हा माल १७० झाला, पुन्हा उरले ४५ पैसे. पुन्हा पाच ग्रॅम कमी. आता ३० ग्रॅम, माल ५ रुपये १० पैसे, उरले १ रुपया ३० पैसे. वहीवर तर नफा वाढलेला दिसतो.

पण ते ३ रुपये ६० पैसे पहा. चिवडा ४० वरून ३० ग्रॅमवर आला, पाउच तेवढंच लागलं. सील मारायला तेवढाच वेळ, दुकानदाराला तेवढेच दोन रुपये, गाडीला तेवढंच पेट्रोल. गिऱ्हाइकाच्या दहा रुपयांत आता जेमतेम निम्मा चिवडा आणि बाकी सगळं पॅकिंग, वाहतूक आणि कमिशन. मोठ्या कंपनीचं हेच ओझं तुमच्यापेक्षा बरंच हलकं असतं. तिची पाउचं टनांनी येतात, मशीन मिनिटाला शेकड्याने पुडे मारतं, एकाच गाडीत पन्नास प्रकारचा माल जातो. दुकानात तुमचा ३० ग्रॅमचा पुडा तिच्या ४० ग्रॅमच्या शेजारी लटकतो. पोट्टं हातात घेऊन पाहतं आणि जड असलेला पुडा नेतं. त्याला युनिट सेल प्राइस वाचावी लागत नाही, हाताला कळतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की छोट्या उद्योजकाने ग्रॅम कमी करायच्या शर्यतीत उतरू नये. ती शर्यत ज्याचा पुड्यामागचा खर्च कमी, त्याची आहे. तुमचा तो नाही आणि पुढची पाच वर्षं असणारही नाही.

तेच युनिट, तोच चिवडा, पण पावकिलोच्या पुड्यात घाला. माल १५० रुपये किलोनेच धरू, म्हणजे साडेसदतीस रुपयांचा. पाउच २ रुपये, मजुरी-गॅस २, पोहोचवायचे २. किंमत ६५ ठेवली आणि दुकानदाराला १५ टक्के दिले तर त्याचे पावणेदहा रुपये. एकूण सव्वात्रेपन्न. उरले पावणेबारा रुपये. आता किलोवर आणून पाहा. ३५ ग्रॅमच्या पुड्यात तुम्हाला किलोमागे ३३ रुपये मिळत होते, इथं ४७ मिळतात. गिऱ्हाइकाला तिथं किलो २८६ रुपयांना पडत होता, इथं २६० ला पडतो. त्याचे पैसे वाचले आणि तुमचे वाढले. मधून गेलं काय? सात पुड्यांचं प्लॅस्टिक आणि सात वेळचं सील.

आता कोणी म्हणेल, सर, सोमवारी ज्याच्या खिशात दहा रुपये आहेत तो ६५ चा पुडा कसा घेईल? बरोबर आहे, तो सोमवारी घेणार नाही. तो आठवडी बाजाराच्या दिवशी घेईल, हप्ता मिळतो त्या दिवशी. म्हणून पावकिलोचा माल बाजाराच्या वारी गावात पोहोचला पाहिजे, महिन्यातून एकदा दुकानात टाकून चालणार नाही. आणि ज्याला खरंच दहाचंच हवं आहे त्याच्यासाठी सुटा माल आहे. बरणी, काटा आणि कागदाचा पुडा. गिऱ्हाइकासमोर तोलून दिलेल्या मालाला पाउच नाही, छापील वेष्टणाचे नियम नाहीत, आणि त्याच दहा रुपयांत तुम्ही ४० ग्रॅम सहज देऊ शकता. आपल्याकडे सुटी शेव, सुटा मुरमुरा, सुटे फल्लीदाणे घ्यायची सवय अजून जिवंत आहे. मोठी कंपनी बरणी घेऊन बाजारात बसू शकत नाही. तुम्ही बसू शकता.

तुरीचं वेगळं गणित

वऱ्हाडात एक विचित्र प्रकार रोज घडतो. ज्या घरातून तूर पोत्यानं बाहेर जाते त्याच घरात डाळ पुड्यानं परत येते. २०२४-२५ च्या हंगामाला तुरीचा हमीभाव क्विंटलला ७,५५० रुपये होता आणि २०२५ मध्ये बाजारात भाव त्याच्याही खाली गेले. अकोला डाळ मिलांचं शहर. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठही अकोल्यातच, आणि त्यांची पीकेव्ही मिनी दाल मिल कितीतरी गटांनी घेतलेली आहे. तरी आपल्याच तालुक्यातली डाळ आपण अर्धा किलोच्या चकचकीत पुड्यात घेतो.

हिशोब करू. समजा तूर ७,००० रुपये क्विंटल घेतली. भरडाई ६०० रुपये. डाळ ७० किलो निघाली असं धरा. चुणी-भुसा २० किलो, गुरांच्या खाद्याला १८ रुपयांनी गेला तर ३६० रुपये परत. निव्वळ खर्च ७,२४०, म्हणजे डाळ किलोला साधारण १०३ रुपये ४० पैसे पडली. पाउच ३, वाहतूक ४, तूट-घट २ धरा, झाले ११२ रुपये ४० पैसे. दुकानात १३० ला विकून दुकानदाराला १० टक्के दिले की हातात ११७, म्हणजे किलोला साडेचार रुपये. या साडेचारांत भाव एकदा हलला की धंदा बसला. तीच डाळ थेट घरात १३० ने दिली तर साडेसतरा रुपये.

थेट कोण घेईल? आपल्याकडे उन्हाळ्याच्या तोंडाला वर्षाचं भरून ठेवायची पद्धत आहे. गहू, डाळ, तिखट, हळद. नोकरदार घरांतून ती कमी झाली, पण गेलेली नाही. फेब्रुवारीत नवी डाळ तयार ठेवा आणि अमरावती-अकोल्याच्या कॉलन्यांमधून आधीच नोंदणी घ्या, दहा किलो, वीस किलो. कडुनिंबाचा पाला घालून कशी ठेवायची हे तुमच्या गावच्या आजीला विचारा आणि कागदावर लिहून पोत्यासोबत द्या. गिऱ्हाइकाला वर्षाचा भाव एकदाच कळतो आणि मधे कोणी ग्रॅम काढत नाही.

इथं जीएसटी लक्षात ठेवा. १८ जुलै २०२२ पासून लेबल लावून पॅक केलेल्या २५ किलोपर्यंतच्या डाळ, तांदूळ, पिठावर ५ टक्के कर आहे, सुट्यावर नाही. त्यानंतर बाजारात २६ आणि ३० किलोचे कट्टे का दिसायला लागले ते आता तुम्हीच सांगा. तुमची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली असेल तर हा कर तुम्ही लावत नाही, पण धंदा वाढेल तेव्हा भाव ठरवताना तो धरलेला असू द्या. तुमच्या सीएला आधी विचारा, नोटीस आल्यावर नको.

पुडा छापण्याआधी

नवीन माणूस सगळ्यात जास्त पैसे घालवतो ते इथं. छापील पाउच स्वस्तात पडावं म्हणून सिलिंडर बनवून घेतो, हजारो पाउचं मागवतो, आणि त्यावर वजन २०० ग्रॅम आणि किंमत ६० रुपये अशी पक्की छापून घेतो. सहा महिन्यांत मिरची महागते. आता किंमत वाढवायची तर पाउचवर ६०, वजन कमी करायचं तर पाउचवर २००. स्टिकर चिकटवू म्हणाल तर तो मार्ग बंद आहे. छापलेली किंमत वाढवायला किंवा वजन बदलायला वरून स्टिकर लावता येत नाही. किंमत कमी करायची असेल तरच स्टिकर चालतो आणि जुनी किंमत त्याखाली झाकायची नाही. मग माणूस २०० छापलेल्या पाउचात १८० भरतो. हा झाला गुन्हा. वजन कमी करणं कायद्यात बसतं, छापलेल्यापेक्षा कमी भरणं बसत नाही. दोन्हींत फरक एका आकड्याचा आहे, पण एकात धंदा चालतो आणि दुसऱ्यात वैधमापनचा निरीक्षक येतो.

म्हणून पाउचवर नाव, चित्र, पत्ता, साहित्य एवढंच पक्कं छापा. वजन, किंमत, प्रति ग्रॅम भाव, पॅकिंगचा महिना-वर्ष आणि बॅच नंबर यांच्यासाठी कोरी चौकट ठेवा आणि पॅक करताना छोट्या कोडिंग मशीनने मारा. ६० रुपयांच्या २०० ग्रॅमला प्रति ग्रॅम ०.३० रुपये लिहायचं. तक्रारीसाठी फोन नंबर लागतो, तो रोज उचलला जाणारा द्या. पॅकर म्हणून वैधमापन शास्त्र विभागाकडे नोंदणी लागते, खाद्यपदार्थ आहे म्हणून एफएसएसएआयची लागते, आणि काटा मुद्रांकन करून घ्यावा लागतो. इलेक्ट्रॉनिक काट्याचं मुद्रांकन दरवर्षी करायचं असतं, एकदा करून फ्रेम करायचं नसतं.

आणि ऊन. पापड, मसाला, कुरडया यांच्यातलं पाणी वऱ्हाडाच्या उन्हात उडतं. एप्रिलमध्ये बरोबर २०० ग्रॅम भरलेला पुडा मे महिन्याच्या शेवटी दुकानात १९६ भरू शकतो. नियमात एखाद्या पुड्याला थोडी चूक चालते, १०० ते २०० ग्रॅमच्या पुड्याला साडेचार टक्क्यांपर्यंत, पण तपासणीत सगळ्या पुड्यांची सरासरी छापलेल्या वजनाखाली आली तर कारण विचारत नाहीत. उन्हाळ्यात चार-पाच ग्रॅम जास्त भरा आणि तो खर्च भावात आधीच धरा. दोनशेच्या पुड्यात पाच ग्रॅम म्हणजे अडीच टक्के, तुमच्या नफ्यातून ते नकळत जाऊ देऊ नका.

राहिला प्रश्न भाव वाढवायचा. कधी ना कधी वाढवावाच लागतो. छोट्या उद्योजकाला भीती वाटते की गिऱ्हाईक जाईल, म्हणून तो चोरून ग्रॅम काढायला जातो. पण कंपनीचं गिऱ्हाईक कंपनीला ओळखत नाही, तुमचं तुम्हाला ओळखतं. तिच्या घरी काटा नसला तरी डबा असतो. दर महिन्याला तुमचा मसाला जिथपर्यंत भरायचा ती रेघ डब्यात तिला माहीत आहे. पंधरा दिवस आधी दुकानदाराला आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या गिऱ्हाइकांना साध्या शब्दांत कळवा. "मिरचीचा भाव वाढल्यामुळे १ तारखेपासून २०० ग्रॅमचा पुडा ६० ऐवजी ६६ रुपयांना मिळेल, वजन तेच राहील. जुन्या भावात हवा असेल तर ३० तारखेपर्यंत सांगा." पहिले दोन दिवस "महाग केलं बाप्पा" असे फोन येतील, ते घ्या. याच दोन आठवड्यांत जुन्या भावाची मोठी ऑर्डर येते, तेव्हा मिरची आधीच भरून ठेवलेली असली पाहिजे.